मिरची : प्रसार व तिखटाची आवड

मिरची : (सं. कटुवीरा, हिं. मिर्च, गु. मरचुं, क. मेणसिनकायि, कों. मिरसांग; लॅ. कॅप्सिकम ॲन्यूअम, कुल – सोलॅनेसी). बटाटा, वांगे, टोमॅटो व तंबाखू यांच्या कुलातील हे झुडूप मूळचे अमेरिका खंडातील असून आज भारतीय आहारातील तिखट चवीचे ते प्रमुख साधन आहे. या वनस्पतीचा इतिहास एका कोड्याभोवती फिरतो. फळातील दाहक द्रव्य हे वनस्पतीचे संरक्षणाचे साधन असून सस्तन प्राण्यांनी फळ खाऊ नये, असा त्याचा परिणाम असतो. मनुष्य सस्तन प्राणीच आहे. तथापि त्यानेच हे फळ जगभर नेले, लावले आणि मुद्दाम अधिक तिखट होईल अशा बियाण्याची निवड केली.

उल्हास नदीच्या खोऱ्यातील अंबरनाथचे शिवमंदिर या कोड्याचा काळ ठरविण्यास सोयीचे ठरते. मंदिरातील शिलालेख शके ९८२ चा (इ. स. १०६०) असून तो उत्तर कोकणच्या शिलाहारांपैकी मुम्मुणी ऊर्फ माम्वाणी याच्या कारकीर्दीतील आहे. मंदिर घडविणाऱ्या पाथरवटांनी, ते बांधविणाऱ्या राजपुरुषांनी किंवा तेथे पूजेस येणाऱ्यांनी मिरची पाहिलेलीही नव्हती. मात्र त्यांचे अन्न मिळमिळीत होते, असे समजण्याचे कारण नाही. शेजारचे कल्याण हे प्राचीन बंदर असून पेरिप्लस या इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ग्रीक ग्रंथात त्याचा उल्लेख येतो. मलबारच्या किनाऱ्यावरून मिऱ्यांचा व्यापार पश्चिमेकडे चालत असल्याचेही त्याच ग्रंथावरून कळते. सुंठ, मिरी व पिंपळी यांना वैद्यकात ‘त्रिकटु’ म्हणत. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या मानसोल्लास या बाराव्या शतकातील ग्रंथात मांस, कडधान्ये व पक्वान्ने यांच्या पाककृती विस्ताराने दिल्या आहेत. त्यांत तिखटपणासाठी मिरी, आले, हिंग असे पदार्थ येतात, मिरची नाही.

भाषेतही या बदलाची खूण राहिली आहे. संस्कृतात ‘कटु’ म्हणजे तिखट आणि ‘तिक्त’ म्हणजे कडू. मराठीत ‘कटु’पासून आलेल्या ‘कडू’ शब्दाने दुसऱ्याच चवीचा ताबा घेतला आणि ‘तीक्ष्ण’पासून आलेला ‘तिखट’ हा शब्द झोंबणाऱ्या चवीला लागू झाला. पुढे तर ‘तिखट’ हे चवीचेच नव्हे, पदार्थाचेही नाव बनले. वाण्याकडे ‘पावशेर तिखट’ मागितले, तर तो मिऱ्याची पूड देत नाही. एका परकीय फळाने संपूर्ण रसाचे नाव आपलेसे करावे, असे उदाहरण विरळा. ‘मिरची’ हे नावही ‘मरीच’ म्हणजे मिरी याचेच रूप आहे. नवागत पदार्थाला जुन्या, प्रतिष्ठित पदार्थाच्या नावाने ओळखण्याची पद्धत दक्षिणेतही दिसते. कन्नड ‘मेणसिनकायि’ व तमिळ ‘मिळगाय’ यांचा अर्थही मिऱ्याचे फळ असाच होतो.

नामसादृश्यामुळे जुन्या साहित्याचा काळ ठरविताना घोटाळा होतो. अरण (जि. सोलापूर) येथील संत सावता माळी यांचे निधन इ. स. १२९५ मध्ये झाले. त्यांच्या नावावरील सर्वपरिचित अभंगात मळ्यातील भाज्यांबरोबर मिरचीचाही उल्लेख येतो. तेराव्या शतकात अरणच्या मळ्यात आजची मिरची असणे शक्य नाही आणि मिऱ्याचा वेल तेथील कोरड्या हवेत वाढत नाही. तेव्हा हा शब्द मौखिक परंपरेत नंतर आला असावा, हेच अधिक संभवनीय वाटते. मात्र यावरून अभंग बनावट ठरत नाही. शेकडो वर्षे तो गाणाऱ्या लोकांच्या मळ्यात जे पिकत होते, ते त्यांच्या गाण्यात शिरले एवढाच याचा अर्थ. किंबहुना मिरची मराठी शेतकऱ्याच्या जीवनात किती खोल रुजली, याचा यापेक्षा बोलका पुरावा सापडणे कठीण आहे.

अमेरिकेत मिरचीचा वापर फार प्राचीन आहे. एक्वादोरच्या नैर्ऋत्य भागात सापडलेल्या भांड्यांवर व दळणाच्या दगडांवर मिरचीचे सु. ६,१०० वर्षांपूर्वीचे स्टार्चकण ओळखण्यात आले आहेत (२००७). कॅप्सिकम ॲन्यूअम ही जाती मेक्सिकोत माणसाळविली गेली. कोलंबसाने पहिल्या सफरीत, १४९३ च्या जानेवारीत, हिस्पॅनिओला बेटावरील या फळाची नोंद केली. तो मिऱ्यांच्या शोधात होता आणि त्याला मिरची मिळाली. पोर्तुगीज १५०० मध्ये ब्राझीलला पोहोचले व १५१० मध्ये त्यांनी गोवा घेतले. लिस्बन, ब्राझील व गोवा यांना जोडणाऱ्या जलमार्गाने काजू, अननस, पपई, तंबाखू इ. वनस्पतींप्रमाणे मिरचीही आली. ब्राझीलमधील पर्नांबुको प्रांतावरून ‘पर्नांबुको मिरी’ हे नाव तिला गोव्यात होते, तर मुंबईकडे ती ‘गोवाई मिरची’ म्हणून ओळखली जाई, अशा नोंदी जुन्या वनस्पतिविषयक ग्रंथांत आहेत. यूरोपात मात्र तिच्या मायभूमीचा लवकरच विसर पडला. जर्मन वनस्पतिज्ञ लेओनहार्ट फुक्स याने १५४२ मध्ये तिला कालिकतची मिरी म्हटले आणि १७७६ मध्ये जॅकाँ याने एका अमेरिकन जातीला ‘चीनची’ या अर्थाचे नाव दिले. ते अजून तसेच चालू आहे.

हा प्रसार एका रात्रीत झाला नाही. गार्सिया द ऑर्ता याच्या गोव्यात १५६३ मध्ये छापलेल्या ग्रंथात मिऱ्यांवर स्वतंत्र संवाद आहे, मिरचीवर नाही. सोळाव्या शतकाच्या अखेरच्या आईन-इ-अकबरीतील पाककृतींतही मिरीच येते. राजवाड्यातील स्वयंपाकघर हा या फळाचा पहिला आश्रय नव्हता, असे यावरून म्हणता येते. मिऱ्याच्या वेलाला भरपूर पाऊस, सावली व आधाराचे झाड लागते आणि फळ धरण्यास काही वर्षे जातात. देशावरच्या कुणब्याच्या दृष्टीने मिरी ही विकत घेण्याचीच वस्तू होती. मिरचीचे रोप काळ्या जमिनीत, बांधावर, परसात कोठेही येते, काही महिन्यांत फळते, वाळवून वर्षभर टिकते आणि पुढील वर्षाचे बी घरच्या घरी मिळते. चवीचा हा अधिकार प्रथमच पैशावाचून मिळाला. ज्वारी, बाजरी किंवा नाचणीची भाकरी आणि मिठाबरोबर वाटलेला ठेचा हे श्रमिकांचे पूर्ण जेवण ठरले. ते केवळ पोट भरण्याचे साधनही नव्हते. हिरव्या मिरचीत क जीवनसत्त्व विपुल असते. हंगेरियन शास्त्रज्ञ सेंट-ड्यॉर्डी यांनी १९३०–४० या दशकात हे जीवनसत्त्व मोठ्या प्रमाणावर मिळविले, ते सेगेड येथील पाप्रिका मिरचीपासूनच.

मिरचीतील दाहक द्रव्यास कॅप्सेइसिन म्हणतात. हे नाव थ्रेश यांनी १८७६ मध्ये दिले. ते मुख्यतः बियांत नसून बिया ज्या पांढऱ्या गरास चिकटलेल्या असतात, त्यात तयार होते. बिया काढल्याने मिरची सौम्य होते ती त्यांच्याबरोबर हा गर निघतो म्हणून. हे द्रव्य जिभेला प्रत्यक्षात भाजत नाही. सु. ४३° से. वरील उष्णता ओळखणाऱ्या मज्जातंतूंवरील ग्राहीलाच ते चेतविते आणि मेंदूला आग झाल्याची खोटी वर्दी मिळते. डेव्हिड ज्यूलियस यांनी १९९७ मध्ये हा ग्राही शोधून काढला; त्यांना २०२१ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. पक्ष्यांतील हा ग्राही कॅप्सेइसिनाला दाद देत नाही. पिंजऱ्यातील पोपटाला मिरची देण्याची आपल्याकडील जुनी चाल या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. ॲरिझोनातील रानमिरचीवर केलेल्या आणि २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले की, उंदरांसारखे कृंतक प्राणी तिखट फळ टाळतात. त्यांना तिखट नसलेले फळ दिले, तर बिया चावल्या जाऊन रुजत नाहीत. पक्ष्याच्या पोटातून गेलेल्या बिया मात्र रुजतात. दुसरा शत्रू बुरशी हा होय. बोलिव्हियातील एका रानटी जातीत तिखट व बिनतिखट अशी दोन्ही झाडे असतात. कीटकांनी पाडलेल्या छिद्रांतून फ्युजेरियम बुरशी जेथे अधिक शिरते, तेथे तिखट झाडांचे प्रमाणही अधिक आढळते (२००८).

मग माणसाने ही तटबंदी का ओलांडली? उष्ण प्रदेशांत अन्न लवकर नासते व मसाले जंतूंना मारतात म्हणून तेथील लोक तिखट खातात, हे मत १९९८ मध्ये ३६ देशांतील पाककृतींच्या आधारे मांडण्यात आले. ते आकर्षक असले, तरी २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या व्यापक विश्लेषणात त्यास आधार मिळाला नाही. घाम येऊन अंग निवते, हे खरे. पण जिभेला भाजवून घेण्यास तेवढे कारण पुरेसे नाही. मानसशास्त्रज्ञ पॉल रोझिन यांचे मेक्सिकोतील एका खेड्यातील निरीक्षण अधिक उद्‌बोधक आहे. तेथील मुले चार ते सात वर्षांच्या सुमारास, कोणी बळजबरी न करता, मोठ्यांच्या पंगतीत हळूहळू मिरची खाऊ लागतात. त्याच घरांतील उष्टेखरकटे खाणाऱ्या डुकरांना व कुत्र्यांना मात्र तिची आवड लागत नाही. धोका खरा नाही हे ठाऊक असल्यावर वेदनेतही सुख वाटते, असा रोझिन यांचा निष्कर्ष आहे. आपल्याकडे भाजी पाण्यात धुऊन लहानग्याच्या तोंडी देणारी आजी आणि पुढे ‘आता मी तिखट खातो’ असे अभिमानाने सांगणारे मूल ही याच शिक्षणाची दोन टोके होत. मराठी प्रदेशात तरी आवड हवेमुळे नव्हे, तर सुलभता व सवय यांच्या संयोगाने निर्माण झाली, असे मानणे सयुक्तिक वाटते.

दाहाचे हे सामर्थ्य लोकांनी अन्नाबाहेरही वापरले. मीठ, मोहरी व मिरच्या ओवाळून विस्तवात टाकल्या की दृष्ट उतरते, असे मानतात. दुकानाच्या दारावर लिंबू-मिरची टांगतात. झाडाचे रक्षण करणारे द्रव्य माणसाने आपल्या घराच्या रक्षणाला लावले.

महाराष्ट्रात व सीमाभागात वाणांचे वैविध्य मोठे आहे. तिखटपणासाठी लवंगी व संकेश्वरी, रंगासाठी हावेरी जिल्ह्यातील सुरकुतलेली ब्याडगी (भौगोलिक निर्देशन, २०११), विदर्भात भिवापुरी, तर गोव्यात हरमल व खोला येथील मिरच्या प्रसिद्ध आहेत. नंदुरबार व गडहिंग्लज येथील बाजार मिरचीसाठी नावाजलेले आहेत. अंबरनाथ–बदलापूर परिसरातील आगरी व कुणबी घरांत उन्हाळ्यात दोन-तीन जातींच्या मिरच्या एकत्र करून, खडा मसाला भाजून वर्षाचा मसाला करतात. सुक्या बोंबलापासून वालाच्या भाजीपर्यंत तो चालतो. लगतच्या उल्हासनगरला वेगळी परंपरा आढळते. फाळणीनंतर कल्याणजवळच्या लष्करी छावण्यांत सु. १ लाख सिंधी निर्वासितांची सोय करण्यात आली व १९४९ मध्ये या वसाहतीस उल्हासनगर हे नाव मिळाले. निर्वासितांनी पापड-लोणच्यांसारख्या गृहोद्योगांचा आधार घेतला. सिंधी पापडातील तिखटपणा अद्याप मुख्यतः भरड मिऱ्याचा असतो. शिलाहारकालीन मंदिरापासून काही किलोमीटरांवर, अशा रीतीने, जुना कटुरस पुन्हा भेटतो.

मिरचीचा आनंद खाणाऱ्याचा असला, तरी तिचा दाह प्रथम तोडणाऱ्या, देठ खुडणाऱ्या व कांडणाऱ्या हातांना सोसावा लागतो आणि हे हात बहुधा स्त्रियांचे असतात. पूर्वी उखळ-मुसळाने होणारे काम डंकावर होऊ लागले, तरी खकाणा तसाच उडतो. तोंडाला रुमाल बांधला, तरी ठसका व डोळ्यांची जळजळ चुकत नाही. बाजारू तिखटात भेसळीचाही प्रश्न आहे. भारतातून गेलेल्या मिरचीपुडीत सुदान–१ हा निषिद्ध रंग यूरोपात २००३ मध्ये आढळला आणि निर्यातीवर तपासणीची बंधने आली. मे महिन्यात स्वतःसमोर मसाला कुटून घेण्याचा घरोघरचा आग्रह म्हणूनच निराधार म्हणता येत नाही. कॅप्सेइसिन पाण्यात विरघळत नाही. जिभेचा दाह दूध, ताक किंवा तूप यांनी शमतो. मिरची हाताळण्यापूर्वी स्त्रिया हातांना गोडे तेल चोळतात आणि नंतरही आधी तेलानेच हात पुसतात.