एच-इंडेक्स सातपुडा चढतो का?

आमच्या टीममध्ये एकदा कुणी किती तिकिटं बंद केली हे मोजायला सुरुवात झाली. महिन्याभरात एका कामाची चार तिकिटं होऊ लागली. आकडा वाढला, काम तेवढंच राहिलं.

जनतेच्या पैशांवर चालणाऱ्या वैद्यकीय संशोधनाचं मोजमाप कसं होतं हे वाचताना मला तो महिना आठवतो. आणि नंदुरबार आठवतं.

१९५२ साली डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी 'लॅन्सेट'मध्ये मुंबईत सापडलेल्या एका नव्या रक्तगटाची नोंद केली. तोच 'बॉम्बे ब्लड ग्रुप'. त्याच वर्षी नीलगिरीतल्या आदिवासींमध्ये सिकलसेल आढळल्याचं प्रसिद्ध झालं. १९५७ मध्ये आयसीएमआरनं मुंबईत रक्तगट संदर्भ केंद्र काढलं. तेच वाढत केईएमच्या आवारातली राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था झालं. आदिवासी भागांतला सिकलसेल हा तिथल्या संशोधनाचा मोठा विषय.

अशा टीमचं काम मोजायचं कसं? १९५५ मध्ये युजीन गारफिल्डनं संदर्भसूचीची कल्पना मांडली, ती कुठला पेपर पुढे कुणी वापरला हे शोधता यावं म्हणून. नंतर तिच्यावरूनच माणसं मोजली जाऊ लागली. २००५ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ जॉर्ज हिर्शनं एच-इंडेक्स आणला. प्रत्येकी किमान दहा संदर्भ मिळालेले दहा पेपर असतील, तर तुमचा आकडा दहा.

हा आकडा खोटा नाही. इतर संशोधकांना तुमचं काम किती उपयोगी पडलं, हे तो सांगतो. पण आमच्याकडे भिल्ल आणि पावरा समाजांत सिकलसेल बराच आहे. नवरा-बायको दोघंही वाहक असतील, तर प्रत्येक खेपेला बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के. धडगावच्या एखाद्या जोडप्याला हे वेळेत कळलं, तर कुणाचाच एच-इंडेक्स वाढत नाही.

२०२३ मध्ये सिकलसेल निर्मूलन मिशन सुरू झालं. उद्दिष्ट सात कोटी लोकांच्या तपासणीचं. म्हणजे पुन्हा एक आकडा, आणि पुन्हा तिकिटांचाच धोका. सुई टोचली की तपासणी मोजली जाते. रिपोर्ट हातात पडला का, तो पावरीत किंवा भिलीत कुणी समजावून सांगितला का, आजारी बाळाचं औषध पावसाळ्यातही चालू राहिलं का, हेही मोजायला हवं.

संशोधनाचा प्रभाव सातपुड्याच्या शेवटच्या पाड्यावरून मागे मोजत या. वाट कुठे तुटली, ते लगेच दिसेल.