गोंधळ घालणे

खंडाळ्यातल्या एका लग्नघरी आजीच्या तोंडून एकच शब्द दोन दिवसांत दोनदा ऐकला. मांडवात पोरं धावत होती तेव्हा ती ओरडली, "काय गोंधळ घातलाय रे!" आणि हळद उतरल्यावर मुलाला म्हणाली, "शनिवारी देवीचा गोंधळ घालून घे." क्रियापदसुद्धा तेच.

गोंधळ हा मुळात कुळाचार. घरात मंगलकार्य झालं की कुलदेवीचं देणं फेडायचं. खंडाळ्याजवळ, कार्ल्याच्या चैत्यलेण्याच्या तोंडाशी एकवीरा आहे, कोळी-आगऱ्यांची आई. तिला रेणुकेचं रूप मानतात, आणि गोंधळाची दंतकथाही रेणुकेपाशीच पोचते. परशुरामाने बेटासुराला मारलं, त्याच्या शिरातून तंतू ओवले आणि ते वाद्य वाजवत तो आईला वंदन करायला आला. गोंधळी सांगतात, तेच पहिलं तुणतुणं.

ग्रंथांतला मागही जुना आहे. चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या 12व्या शतकातल्या 'मानसोल्लासा'त 'गोंडली' नावाचं नृत्य येतं. पुढच्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या पदरी असलेल्या शार्ङ्गदेवाच्या 'संगीतरत्नाकरा'तही ते आहे. अभ्यासक गोंधळाचं नाव त्याच्याशी जोडतात. 16व्या शतकात एकनाथांनी तर गोंधळावर रूपकंच रचली.

मग या शब्दाला गडबडीचा अर्थ कसा चिकटला? मला वाटतं, तो भिंतीपलीकडून ऐकणाऱ्याने दिला. रात्रभर संबळ, झांज, तुणतुणं आणि मधूनच 'उदो उदो'चा गजर. झोपमोड झालेल्याला त्यात कलकलाटच ऐकू येणार. अंगणात बसलं की मात्र सगळं शिस्तीत दिसतं. आधी चौक भरायचा, कलश मांडायचा, दिवटी पेटवायची. मग गण, देवतांना आवाहन, आख्यान, शेवटी आरती. संबळाची जोडी कमरेला बांधलेली, वाजवायच्या काठ्यांतली एक टोकाला वाकडी. तिचा घाव चुकला की मुख्य गोंधळी वळून बघतो.

इंग्रजीतला पँडेमोनियम हा शब्द मिल्टनने 1667 साली घडवला, नरकातल्या सगळ्या सैतानांच्या राजधानीसाठी. त्याचाही पुढे कल्लोळ झाला. पण तिथे जमले होते सैतान. आपल्या शब्दात देव जमतात. तुळजापूर, माहूर, कोल्हापूर, जेजुरी, एकेका ठिकाणाचं नाव घेऊन गोंधळी त्या त्या देवाला 'ये' म्हणतो.

शनिवारी कार्ल्याचं नाव आलं तेव्हा आजीने डोक्यावरचा पदर सारखा केला आणि शेजारी पेंगणाऱ्या नातवाला उठवून बसवलं.