रिकॉम्बिनंट एसपी-डी : फुफ्फुसातलं प्रथिन कुपीत कसं येतं?

श्वासाबरोबर धूळ, बुरशीचे बीजाणू आणि विषाणू रोज फुफ्फुसात जातात, तरी बहुतेक वेळा माणूस आजारी पडत नाही. याचं थोडं श्रेय सर्फॅक्टंट प्रोटीन डी, म्हणजे एसपी-डी या प्रथिनाला जातं. फुफ्फुसातल्या वायुकोशांना आतून सर्फॅक्टंटचा पातळ थर असतो. त्यात सुमारे ९० टक्के स्निग्ध पदार्थ आणि १० टक्के प्रथिनं असतात. यातली एसपी-बी आणि एसपी-सी वायुकोश मिटू देत नाहीत; एसपी-डी जंतूंकडे बघतं.

एसपी-डीचा रेणू अधिकच्या चिन्हासारखा दिसतो. चार हात, प्रत्येकाच्या टोकाला तीन पकडी. जंतूच्या पृष्ठभागावरची साखर या पकडी कॅल्शियमच्या मदतीने धरतात. एकटी पकड सैल असते, पण अनेक एकदम बसल्या की जंतूंच्या गुठळ्या होतात आणि संरक्षक पेशी त्या गिळून टाकतात. हे प्रथिन नसलेल्या उंदरांच्या वायुकोशांत स्निग्ध पदार्थ साचतात आणि पुढे वायुकोशांच्या भिंती खराब होतात, असं १९९८ पासूनच्या प्रयोगांतून दिसलं आहे.

अभ्यासासाठी हे प्रथिन आणायचं कुठून? पूर्वी ते गर्भजलातून किंवा काही रुग्णांची फुफ्फुसं धुतलेल्या पाण्यातून वेगळं करत. ते पुरेसं मिळत नसे, आणि प्रत्येक नमुना वेगळा. म्हणून १०व्या गुणसूत्रावरचं त्याचं जनुक दुसऱ्या पेशीत बसवून तिच्याकडूनच प्रथिन तयार करून घेतलं जातं. हेच रिकॉम्बिनंट एसपी-डी. ते गाळण्याची युक्तीही मजेशीर आहे. माल्टोज साखर लावलेल्या नळीतून द्रव सोडला की एसपी-डी कॅल्शियमच्या साथीने साखरेला चिकटतं. नंतर कॅल्शियम काढून घेतलं की सुटून बाहेर येतं.

खरी गोम पुढे आहे. कुपीवर नाव एकच असलं तरी आतला रेणू एकच असेल असं नाही. माणसाच्या किंवा इतर सस्तन प्राण्यांच्या पेशींत पूर्ण रेणू बनू शकतो. ई. कोलाय जिवाणूत मात्र सहसा मान आणि तीन पकडी एवढाच तुकडा बनवतात. हा तुकडाही उपयोगी आहे. मुंबईत परळच्या राष्ट्रीय प्रजनन व बाल आरोग्य संशोधन संस्थेत त्यावर एचआयव्हीच्या संदर्भात काम झालं आहे. पण तीन पकडींचं आणि बारा पकडींचं बळ सारखं नसतं. शिवाय ई. कोलायच्या आवरणातलं एंडोटॉक्सिन प्रथिनासोबत राहू शकतं, आणि एसपी-डी नेमकं त्यालाच धरतं! अशा कुपीमुळे पेशींत दाह दिसला, तर तो प्रथिनाचा की एंडोटॉक्सिनचा, हे कळत नाही. म्हणून कुपीसोबतच्या माहितीपत्रकात कोणती पेशी वापरली, रेणू पूर्ण आहे की तुकडा आणि एंडोटॉक्सिन किती, हे आधी बघावं लागतं.

अशा कुपीवर ‘फक्त संशोधनासाठी’ असं लिहिलेलं असतं. ती हुंगायची, प्यायची किंवा टोचायची नसते. अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी रिकॉम्बिनंट एसपी-डीच्या वैद्यकीय चाचण्या झाल्या आहेत, पण ते औषध म्हणून वेगळ्या निकषांवर तयार केलेलं असतं. प्रयोगशाळेची कुपी त्यात बसत नाही.