परंपरेचा रंग किती जुना? मूहूचे जाकीट आणि आमचा पळस

१/८
एस्टोनियातील मूहू बेटाचे विणकाम छायाचित्रांत पाहिले असेल, तर त्याचे रंग विसरता येत नाहीत: झळझळीत नारिंगी, भडक गुलाबी आणि फुलेच फुले. त्या धर्तीची लोकरी जाकिटे आज ‘पारंपरिक’ म्हणून विणली जातात. विणकाम जुने आहेच. पण ते रंग किती जुने? या प्रश्नाचा माग काढत गेल्यास वाट आमच्या धानोऱ्याच्या जंगलापर्यंत येते.

२/८
प्रथम विणकाम. एस्टोनियातील यौगा येथील दफनस्थळी सापडलेला हातमोज्याचा तुकडा सुमारे १३०० सालचा मानला जातो. तेथील ‘रोसिमिने’ पद्धतीत रंगीत लोकर ठरावीक टाक्यांच्या पुढून आडवी नेतात आणि उरलेल्या ठिकाणी मागून. फुले भरतकामासारखी दिसतात, पण ती विणतानाच उमटतात.

३/८
आता रंग. लाल रंगासाठी तेथील स्त्रिया गॅलियम या रानवनस्पतीची बारीक मुळे खणून आणत. आपल्याकडे तेच काम ‘आल’ करी. विदर्भाच्या काळ्या जमिनीत ती लावत, सुमारे तीन वर्षे वाढू देत आणि मग मुळे खणत. तुरटीच्या साहाय्याने तो रंग सुती कापडावर पक्का बसे. विशेष म्हणजे गॅलियम, आल आणि मंजिष्ठा या तिन्ही वनस्पती एकाच कुळातील आहेत.

४/८
जंगलातही रंग होता. पळसाच्या फुलांचा केशरी रंग सुंदर, पण लवकर उडणारा. पळस आणि कुसुम यांवर जगणाऱ्या लाखेच्या किड्यापासून मात्र राळेबरोबर टिकाऊ लाल रंगही मिळे. ईस्ट इंडिया कंपनीच्या काळात हा लाखेचा रंग भारतातून ब्रिटनला जात असे.

५/८
१८५६ साली लंडनमध्ये अठरा वर्षांचा विल्यम पर्किन कृत्रिम क्विनीन बनवू पाहत होता. क्विनीन साधले नाही; डांबरजन्य द्रव्यांतून हाती आला जांभळा रंग. १८६८ मध्ये ग्रेबे आणि लीबरमान या जर्मन रसायनज्ञांनी मंजिष्ठावर्गीय मुळांतील अ‍ॅलिझरिन प्रयोगशाळेत घडवले. थोड्याच वर्षांत त्याचे कारखाने उभे राहिले.

६/८
हे रंग मूहूवर पोहोचले आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तेथील पोशाख पालटू लागला. आज ‘मूहू गुलाबी’ म्हणून जो रंग मिरवला जातो, तो या नव्या रंगांचेच अपत्य. बेटावरच्या स्त्रियांनी नवी वस्तू घेतली, जुन्या कसबात मुरवली आणि आपली ओळख केली.

७/८
त्याच रसायनाने आपल्याकडे आलेची शेती मोडली. तीन वर्षे वाट पाहायला लावणारे पीक बाजारातल्या पुडीपुढे कसे टिकणार? शेतकऱ्याचे पीक गेले आणि रंगाऱ्याचे पिढीजात ज्ञानही निरुपयोगी ठरले. लाख मात्र टिकली, कारण तिच्या राळेला मागणी होती. ग्रामोफोनच्या तबकड्याही तिच्यापासून बनत. तिचा लाल रंग मात्र धुतल्या पाण्याबरोबर वाहून जाऊ लागला.

८/८
एकाच शोधाने एका ठिकाणी परंपरा घडवली आणि दुसऱ्या ठिकाणी पुसली. म्हणून ‘पारंपरिक’ हा शब्द वाचला की दोन प्रश्न विचारावेत: हे कधीपासून? आणि याच्या आधी तेथे काय होते? मूहूच्या फुलांना उत्तर मिळाले, कारण तेथील वस्त्रे जपली गेली. आपल्या घरी पणजीचे लुगडे असेल, तर त्याचा लाल रंग कशाचा ते घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा. आल खणल्याची आठवण कोणी सांगितली, तर तारीख घालून लिहून ठेवा.