मनात येणे आणि अंगात येणे

२०२३ मध्ये नव्या पांढुर्णा जिल्ह्यात समाविष्ट झालेल्या सौंसर तालुक्यात, जामसावळीच्या पहुडलेल्या हनुमंतापुढे ‘बाधा’ झालेली माणसे आणली जातात. श्रोतेहो, आपली भाषा ‘मनात आले’ आणि ‘अंगात आले’ यांत भेद करते : पहिले आपले, दुसरे परके. याच भाषेत सतराव्या शतकात समर्थ रामदासांनी २०५ श्लोकांतून मनालाच उपदेश केला. तेथे झगडा बाहेरच्या कोणाशी नसून स्वतःच्या मनाशी आहे. मन बाहेरच्या शक्तींना खुले मानणाऱ्यांना दैवी अस्तित्वाचे अनुभव अधिक येतात, असे टान्या लूरमन व सहकाऱ्यांना पाच देशांतील अभ्यासात आढळले (२०२१). म्हणून जामसावळीच्या पीडितांना सरसकट ढोंगी ठरविणे मला अन्यायाचे वाटते. ‘अंगात आले’ म्हटल्याने एखाद्या सुनेवरील वेडाचा ठपका टळतो. औषधोपचाराला मात्र त्यापायीच विलंब होऊ शकतो.