विषाणूंमधील परस्पर जनुक-उत्तेजन

एकाच शरीरात वसलेल्या दोन विषाणूंपैकी एकाच्या प्रथिनामुळे दुसऱ्याच्या जनुकांची अभिव्यक्ती वाढणे, क्वचित दबणे. एचआयव्हीच्या संदर्भात १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून या प्रक्रियेचा कसून अभ्यास झाला.

विषाणूच्या जनुकांपुढील प्रवर्तक भागावर यजमान पेशीची प्रथिने बसली की प्रतिलेखन सुरू होते. अनेक विषाणू हीच प्रथिने वापरतात. त्यामुळे एकाने स्वतःसाठी ‘एनएफ-कप्पा-बी’ हे प्रथिन जागे केले, की शेजारी सुप्त असलेल्याचेही फावते. एचटीएलव्ही-१ चे ‘टॅक्स’ प्रथिन एचआयव्हीला असेच चेतवते. हिपॅटायटिस बी चे ‘एक्स’ आणि हर्पीस सिम्प्लेक्सचे ‘आयसीपी-०’ ही प्रथिनेही एचआयव्हीचा प्रवर्तक उत्तेजित करतात. भारतात प्रामुख्याने आढळणाऱ्या एचआयव्ही-१ च्या ‘सी’ उपप्रकारात एनएफ-कप्पा-बी बसण्याच्या जागा सहसा तीन असतात, पाश्चात्त्य देशांतील ‘बी’ उपप्रकारात दोन.

उलट दिशेचे उदाहरण अधिक विलक्षण आहे. एचआयव्हीचे ‘टॅट’ प्रथिन मेंदूतील जेसी विषाणूचा प्रवर्तक उत्तेजित करते, हे १९९० मध्ये दाखवले गेले. टॅट बाधित पेशीतून बाहेर पडून दुसऱ्या पेशीत शिरू शकते. म्हणजे दोन्ही विषाणू एका पेशीत असण्याचीही गरज नाही. ॲडिनो-संलग्न विषाणू तर पुरता परावलंबी: ॲडिनोविषाणू किंवा हर्पीसविषाणूची मदत नसेल तर त्याची वाढ जवळपास होतच नाही.

मात्र यातील बराच पुरावा प्रयोगशाळेतला आहे. प्रवर्तकाला सहज मोजता येणारे जनुक जोडायचे, पेशीत दुसऱ्या विषाणूचे प्रथिन वारेमाप तयार करायचे आणि वाढ मोजायची, ही त्याची रीत. शरीरात तेवढे प्रथिन असतेच असे नाही.

पुण्यातील गुप्तरोग चिकित्सालयांत १९९३ ते २००० या काळात एचआयव्ही नसलेल्या २,७०० हून अधिक व्यक्तींचा पाठपुरावा झाला. हर्पीस सिम्प्लेक्स-२ ची लागण नुकतीच झालेल्यांना एचआयव्ही होण्याचा धोका सर्वाधिक आढळला. याचे श्रेय लगेच प्रथिनांना देणे घाईचे ठरेल. हर्पीसमुळे त्वचेवर व्रण होतात आणि एचआयव्हीला हव्या असलेल्या सीडी-४ पेशी तिथे गोळा होतात. वाढलेल्या धोक्यामागे एवढे कारणही पुरेसे असू शकते.

आफ्रिकेत दोन्ही विषाणूंनी बाधित व्यक्तींना असायक्लोव्हिर हे हर्पीसरोधक औषध देऊन झालेल्या मोठ्या चाचणीचा निष्कर्ष २०१० मध्ये आला: रक्तातील एचआयव्हीचे प्रमाण घटले, पण जोडीदाराला होणारी लागण घटली नाही. शिवाय हर्पीसविषाणूच्या विकराने सक्रिय झालेले हे औषध एचआयव्हीच्या विकरालाही थेट रोखते, असे २००८ मध्येच दिसून आले होते. त्यामुळे प्रमाणातील ती घट हर्पीसची प्रथिने कमी झाल्यामुळेच झाली, असे म्हणता येत नाही.