महाप्राण जोगेंद्रनाथ मंडल : बाबासाहेबांचा विसरलेला सहकारी

संविधान दिनी आपण विहारात उद्देशिका वाचतो. पण बाबासाहेब घटना समितीत पोचले कसे, असं घरातल्या पोरानं विचारलं तर आपल्यापैकी किती जण सांगू शकतील? त्या उत्तरात एक नाव येतं, जोगेंद्रनाथ मंडल. पुढे हेच मंडल पाकिस्तानचे पहिले कायदामंत्री झाले, म्हणून इकडे त्यांचं नाव मागं पडलं.

२९ जानेवारी १९०४ रोजी बारिसाल जिल्ह्यातील एका गरीब नमोशूद्र कुटुंबात त्यांचा जन्म झाला. हा भाग आज बांगलादेशात आहे. नमोशूद्र म्हणजे पाण्याच्या मुलखात शेती करणारा, होडी चालवणारा कष्टाळू समाज. सरकारदप्तरी त्यांना 'चांडाळ' म्हणत. लढून लढून १९११ च्या शिरगणतीत त्यांनी ते नाव पुसायला लावलं. अशा समाजातला हा मुलगा वकील झाला आणि १९३७ साली राखीव नव्हे, तर सर्वसाधारण जागेवरून काँग्रेसच्या उमेदवाराला हरवून विधानसभेत गेला. १९४३ मध्ये त्यांनी बंगालमध्ये शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनची शाखा उभी केली.

१९४६ साल उजाडलं. घटना समितीचे सभासद प्रांतांचे आमदार निवडणार होते. मुंबईच्या विधानसभेत फेडरेशनचं बळ नव्हतं. बाबासाहेबांना सगळी दारं बंद दिसत होती. बंगालमध्येही फेडरेशनचे एकटे जोगेंद्रनाथच निवडून आले होते. पण त्यांनी हिंमत सोडली नाही. इतर अनुसूचित जातींच्या आमदारांना गाठून त्यांनी मतं उभी केली आणि बाबासाहेब बंगालमधून निवडून आले. फाळणीमुळे ती जागा गेली आणि जुलै १९४७ मध्ये बाबासाहेब मुंबई प्रांतातून पुन्हा निवडले गेले. तरी पहिलं दार उघडलं ते बंगालनंच.

मग हा माणूस पाकिस्तानात का गेला? त्यांचा हिशेब सरळ होता. पूर्व बंगालात नमोशूद्र आणि मुसलमान दोघेही कुळं, दोघेही सावकार-जमीनदारांच्या कर्जाखाली. दोघांचं हित एकच, असं त्यांना वाटलं. १० ऑगस्ट १९४७ रोजी कराचीत पाकिस्तानच्या घटना समितीची पहिली बैठक भरली, तिचे हंगामी अध्यक्ष जोगेंद्रनाथ होते. दुसऱ्याच दिवशी जिनांची कायम अध्यक्ष म्हणून निवड झाली. म्हणजे पाहा, एकाच वेळी दिल्लीत आणि कराचीत, दोन्हीकडे कायदामंत्री अस्पृश्य समाजातले होते!

बाबासाहेबांनी मात्र १९४७ च्या नोव्हेंबरातच पाकिस्तानातल्या अस्पृश्यांना जाहीर सांगितलं होतं, मुस्लिम लीगवर भिस्त ठेवू नका, जमेल तसे भारतात या. जोगेंद्रनाथ तिथंच राहिले. १९५० च्या फेब्रुवारीत पूर्व बंगालात दंगली पेटल्या. बारिसालमध्ये, त्यांच्याच जिल्ह्यात, माणसं कापली गेली. मंत्री असूनही त्यांना आपल्या लोकांना वाचवता आलं नाही. अखेर ८ ऑक्टोबर १९५० रोजी त्यांनी पंतप्रधान लियाकत अली खान यांना राजीनामा धाडला. त्या लांबलचक पत्रात अत्याचारांचा गाववार पाढा आहे, आणि आपण ठेवलेला विश्वास फुकट गेला ही कबुलीही आहे.

ते कलकत्त्याला परतले. इकडे काही लोकांनी त्यांना 'पाकिस्तानी' म्हणून हिणवलं. निवडणुका लढवल्या, यश आलं नाही. पण निर्वासितांसाठी ते अखेरपर्यंत झटले. ५ ऑक्टोबर १९६८ रोजी सरहद्दीजवळच्या बनगाव येथे त्यांचं निधन झालं. आपल्या गडचिरोली जिल्ह्यात मुलचेरा, चामोर्शीकडे बंगाली निर्वासितांची गावं आहेत. त्यांत नमोशूद्रही आहेत. फाळणीची झळ इथवर आली ती अशी.

जोगेंद्रनाथांचा अंदाज चुकला, हे आम्ही झाकत नाही. दुसऱ्याच्या आश्वासनावर समाजाचं भवितव्य सोपवू नये, हा त्यांच्या आयुष्याचा धडा आहे. पण ऐन वेळी बाबासाहेबांसाठी तेच उभे राहिले, हेही तितकंच खरं. चूक लक्षात ठेवू या, पण उपकार विसरू नका. पुढच्या संविधान दिनी उद्देशिका वाचून झाल्यावर मुलांना हे नावही सांगा, एवढीच आमची विनंती.

जय भीम!